परत जाण्याचे दोन गुण

त्या वर्षी लेमसन माक्विंजाच्या पेपर तपासणीत बोट ठेवायला जागा सापडत नव्हती. मुख्य नियामक लुहंगाबाई दर दहा उत्तरपत्रिकांमागे एक उचलायच्या, त्याने दिलेले गुण तळहाताने झाकून स्वतः हिरव्या पेनाने उत्तर तपासायच्या आणि मग हात बाजूला करायच्या. त्याचा लाल आकडा आणि त्यांचा हिरवा आकडा सारखाच निघायचा.

"मास्तर, यंदा तुम्हाला काय झालंय? मला काही कामच ठेवलं नाहीत," लुहंगाबाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना आठवलं काय झालंय ते. त्या घाईघाईने पुढच्या टेबलाकडे वळल्या.

माक्विंजाला त्या बोलण्याचं काही वाटलं नाही. मे महिन्यात त्याची बायको मालियेता वारली, तेव्हापासून त्याला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. सकाळी डोकं धरून अंगणात बसली होती, चुलीवरचं पाणी उतरवा म्हणाली, आणि पाणी उतरवून तो परत येईपर्यंत ती एका अंगावर कलंडली होती. माती झाली, लोक येऊन गेले, त्याने सगळ्यांना सगळी उत्तरं दिली. जेवणात मीठ कमी आहे की जास्त, हे मात्र त्याला तेव्हापासून कळेनासं झालं होतं.

झोम्बा शहरातल्या मुलींच्या एका शाळेच्या जेवणघरात तपासणीचं शिबिर भरलं होतं. मुली सुट्टीवर घरी. त्यांच्या दुमजली खाटांवर पन्नाशीचे मास्तर पाय बाहेर काढून झोपत, आणि सकाळी कंबर धरून जेवणघरात येत. बाहेर चिपेरोनीची, थंडीतल्या त्या धुकट पावसाची, बारीक झिमझिम आठवडाभर लागलेली. खिडकीबाहेरचा डोंगर कुणी पाहिलाच नव्हता. मानवी भूगोलाचा पेपर. एका टेबलावर एकच प्रश्न तपासायचा आणि उत्तरपत्रिका पुढच्या टेबलावर ढकलायची, म्हणजे एका पोराच्या पेपरवर एकाच माणसाचा राग किंवा दया पडत नाही. चौथ्या प्रश्नाला चार टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलावर माक्विंजा, त्याच्या शेजारी हारावा आणि समोर अनाफीबाई.

हारावा उत्तरेकडचा, रुम्फीचा. तपासता तपासता मोठ्याने वाचायची त्याला खोड होती.

"ऐका. 'लोक गाव सोडतात कारण गावात शेजारी असतात.' बाई, याला मी दोन मार्क देऊ की पदक देऊ?"

"उत्तरसूचीत नाही. शून्य द्या आणि गप्प बसा," अनाफीबाई म्हणाल्या. त्या मांगोचीच्या, सरोवराकाठच्या. पिशवीत कायम मांडासी बाळगायच्या, आणि त्या गोड वड्यांचा तेलकट डाग उत्तरपत्रिकेवर पडू नये म्हणून पाच बोटांतली दोनच वापरून खायच्या. "मास्तर, घ्या की एक. सकाळीही जेवला नाहीत."

"जेवलो."

"काय होतं जेवायला?"

माक्विंजाने जरा विचार केला. "न्सिमा," तो म्हणाला. मक्याच्या पिठाची ती घट्ट उकड रोजच असायची. अनाफीबाईंनी मांडासी त्याच्या पेनाजवळ ठेवली.

त्याला या शिबिरातून एकच हवं होतं. ते इतक्यात संपू नये.

त्याचं घर मालियेताच्या गावात, फालोम्बेच्या बाजूला होतं. त्या मुलखात लग्न झालं की पुरुषाने आपलं चंबूगबाळं उचलून बायकोच्या गावी यायचं. जमीन तिच्या आईची, मुलं तिच्या कुळाची, कारभार तिच्या मामाचा. माक्विंजाही ऐन तिशीत तसाच आला होता. विटा त्याने स्वतः थापल्या, स्वतः भाजल्या, पगारातून एकेक करत पत्रे आणले. आता बायको गेली. आता तिचा मामा निरोपाच्या विधीसाठी दारू घालणार, माक्विंजाच्या मामाला निरोप धाडणार, आणि चार माणसांसमोर सांगणार की आमची मुलगी राहिली नाही, तुमचा मुलगा आम्ही मोकळा करतो आहोत. मग त्याने जायचं. घर तिथेच राहणार, धाकटी मुलगी उलुंजी तिथेच राहणार. यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मोकळं केलं नाही तर उलट लोक म्हणाले असते, बिचाऱ्याला बांधून ठेवलाय.

शिबिराला निघताना बिटनमामा, म्हणजे त्याचे मामेसासरे, दारापर्यंत पोचवायला आले होते.

"जाऊन या, जावईबापू. सरकारी काम आहे, ते आधी. तुम्ही परत आलात की दारू घालू. घाई नाही."

घाई नव्हती. पण शिबिर संपेपर्यंतच. आणि ज्याचे गुण नियामकांच्या गुणांपासून पुन्हा पुन्हा लांब जातात त्याला शिबिरातून आधीच घरी पाठवतात, हे माक्विंजाला माहीत होतं. मागच्या वर्षी त्याच्याच टेबलावरचा एक जण असा गेला होता. म्हणून तो उत्तरसूची पेनाजवळ ठेवून एकेक ओळ जुळवत तपासायचा. गठ्ठा आला की सुतळी सोडायची, गठ्ठा संपला की सुतळी बांधायची. त्यात दिवस जात होता.

मग थ्योलो आणि मुलांजेकडच्या, चहाच्या मळ्यांच्या बाजूच्या शाळांचे गठ्ठे आले.

चौथा प्रश्न असा होता: लोक एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात स्थलांतर का करतात, याची चार कारणे स्पष्ट करा. कारण लिहिलं तर एक गुण, समजावून सांगितलं तर आणखी एक. एकूण आठ. लुहंगाबाईंनी माक्विंजाच्या गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका उचलली, आकडा झाकला, तपासली. हात काढला. त्यांचे चार होते. त्याचे आठ.

त्यांनी दुसरी काढली. चार आणि आठ. तिसरी काढली. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"मास्तर, या पोरानं लग्नाचं काय लिहिलंय?"

"पुरुष लग्न झाल्यावर बायकोच्या गावी जातो, कारण घर आणि शेत तिच्या आईकडचं असतं. कारण एक, स्पष्टीकरण एक. दोन मार्क."

"आणि खाली?"

"बायको मेली की तो आपल्या गावी परत जातो, कारण मुलं आणि जमीन बायकोच्या माणसांची. दोन मार्क."

"आता सूची वाचा. मुद्दा पाच."

त्याने वाचलं. "'विवाह: स्त्री विवाहानंतर पतीच्या गावी जाते.'" तो थांबला. मग तीच ओळ पुन्हा मनात वाचली. ही ओळ त्याने रोज वाचली होती. विवाह हा शब्द दिसला की पुढचं डोळे आपोआप पूर्ण करत होते, आणि पूर्ण करत होते ते त्याला ठाऊक असलेलं.

"असे किती झाले?"

"या बाजूचे सगळेच," माक्विंजा म्हणाला. "आज सकाळपासूनचे."

लुहंगाबाईंनी हारावाचा गठ्ठा चाळला. त्याच शाळा, तीच उत्तरं, आणि दोन्ही ठिकाणी शून्य. अनाफीबाईंकडेही शून्य. बाईंनी हिरवं पेन बंद केलं आणि चहाच्या वेळी चौथ्या प्रश्नाची चारही टेबलं खिडकीपाशी बोलावली.

"सूचीच चुकलीय," अनाफीबाईंनी बसता बसताच सुरू केलं. "आमच्याकडं बाई कुठं जात नाही. बाप्या येतो. चटई काखेत मारून."

"तुमच्याकडचे येत असतील," हारावा म्हणाला. "आम्ही गाई मोजून देतो आणि बायको घरी आणतो. आमच्याकडं घरजावई म्हटलं तर माणूस तोंड लपवेल."

"गाई देऊन आणता, म्हणून तर गाईसारखं राबवता."

"पण गोठा आमचा असतो ना, बाई. तुमच्या जावयाला भिंतीला चुना लावायचा तरी मामाला विचारावं लागतं."

दोघंतिघं हसले. अनाफीबाईही हसल्या, मग माक्विंजाकडे नजर गेली तशा थांबल्या. तो कपातल्या चहाकडे पाहत होता.

"अनाफीबाई," लुहंगाबाई म्हणाल्या, "तुम्ही ही ओळ पहिल्या बैठकीत वाचलीत ना? मग तेव्हा का नाही बोललात?"

"वाचली होती. मनात म्हटलं, माक्विंजामास्तर आहेत, ते बोलतीलच."

हे खरं होतं. दरवर्षी सूचीच्या बैठकीत माक्विंजाचा हात वर असायचा. 'पण असं कुणी लिहिलं तर?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. मागं एकदा सरोवरातल्या उसिपा मासळीचा बाजार स्थलांतराचं कारण धरायचा की नाही यावर त्याने सगळ्यांची जेवणं थंड केली होती. लोक त्याला मागून 'पण मास्तर' म्हणायचे. यंदा तो मालियेताची माती होऊन महिनाभराने आला, सूची वाचून दाखवली गेली, कुणाला काही शंका आहे का असं विचारलं गेलं, आणि सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प होता. सूची मंजूर झाली.

"तुम्ही बोलला नाहीत, म्हणजे ठीकच असेल असं आम्ही धरलं," मागच्या टेबलावरचा एक जण म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगावं तसं.

"मला ऐकूच आलं नव्हतं," माक्विंजा म्हणाला.

लुहंगाबाई स्वतः हारावाच्याच बाजूच्या, गाई देऊन नेलेल्या. पण तपासणीत त्या ना उत्तरेच्या असायच्या ना दक्षिणेच्या. "बरोबर काय आणि चूक काय ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी हे बघा. एकाच शाळेतली दोन पोरं, एकाच बाकावरची. दोघांनी एकच लिहिलं. एकाचा पेपर मास्तरांकडे आला, त्याला लग्नाच्या दोन मुद्द्यांचे चार. दुसऱ्याचा हारावांकडे गेला, त्याला भोपळा. मास्तरांनी चुकीचं दिलं असं मी म्हणत नाही. पण एकट्यानं दिलेलं बरोबरही बाकीच्यांवर अन्यायच. द्यायचं तर चारही टेबलांनी द्यायचं, काढायचं तर चारही टेबलांनी काढायचं."

"देऊ या," अनाफीबाई म्हणाल्या. "अर्धा देश असाच राहतो. त्या पोरांनी काय डोळे मिटून पुस्तकातलं लिहायचं?"

"म्हणजे झालेले गठ्ठे पुन्हा सोडायचे?" हारावाने कपाळाला हात लावला. "बाई, माझ्या घरी पण बायको आहे. गाई देऊन आणलेली. वाट बघतेय."

"ती सुखात असेल. तुम्ही इथं आहात तेवढे दिवस."

लुहंगाबाई बाहेरच्या पडवीत जाऊन परीक्षा मंडळाशी फोनवर बोलून आल्या. निर्णय त्यांच्यावरच सोडला होता. "मुद्दा पाच बदलते," त्यांनी सांगितलं. "विवाहामुळे दोघांपैकी कुणीही गेलं तरी मार्क. सगळे गठ्ठे परत सोडा. कुरकुर करायची असेल तर चहा संपेपर्यंत करून घ्या." मग त्यांनी माक्विंजाच्या गठ्ठ्यातली ती उत्तरपत्रिका वर धरली. "आता खालचं. परत जाण्याचे दोन. हे मला मान्य नाही. लग्न झालं म्हणून आला, लग्न संपलं म्हणून गेला. कारण एकच. एका कारणाला दोनदा मार्क नाहीत."

 सगळ्यांना वाटलं, झालं. कप गोळा व्हायला लागले.

"ते एक नाही," माक्विंजा म्हणाला.

शिबिरात आल्यापासून तो पहिल्यांदाच विचारल्याशिवाय बोलला होता. आवाज नेहमीसारखाच होता, सपाट.

"कसं?"

"येतो तेव्हा तो स्वतः येतो. जातो तेव्हा जात नाही. पाठवतात त्याला. येताना घर नसतं म्हणून येतो, जाताना घर असून जातो. दोन वेगळी स्थलांतरं आहेत. दिशा वेगळी, कारण वेगळं."

 अनाफीबाई टेबलावरचा नसलेला डाग पुसत बसल्या.

 लुहंगाबाईंनी त्याच उत्तरपत्रिकेचं पान उलटलं. "मास्तर, याच पोराचं तिसरं कारण बघा. चहाच्या मळ्यावर काम मिळालं म्हणून लोक जातात. समजा त्यानं पुढं लिहिलं असतं, पानं खुडायचा हंगाम संपला, मळेवाल्यानं काढून टाकलं, म्हणून परत येतात. तिथंही माणूस जात नाही, पाठवतात त्याला. त्याचे वेगळे दोन दिले असते तुम्ही?"

माक्विंजाने पानाकडे पाहिलं.

"नसते दिले," तो म्हणाला.

"का?"

"मळ्यावरचं काम हे एकच कारण. जाणं-येणं त्यातच आलं."

"मग?"

खिडकीच्या काचेवरून पाण्याच्या रेघा उतरत होत्या. त्याने आणखी काही शोधून पाहिलं, पण बाईंच्या बोलण्यात फट नव्हती. वीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला ते कळत होतं. परत जाण्याचे गुण दिले असते, तर मळ्यावरून परतलेल्याला, पुरातून परतलेल्याला, सगळ्यांना द्यावे लागले असते. आणि जो पोरगा चार वेगळी कारणं धडपडून शोधतो, तो दोन कारणं उलटसुलट लिहिणाऱ्याच्या बरोबरीत बसला असता.

"बरोबर आहे तुमचं," माक्विंजा म्हणाला. "कारण एकच आहे."

लोक आपापल्या टेबलांकडे गेले. लुहंगाबाई मात्र त्याच्याजवळच थांबल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "मास्तर, माझं ऐका. तुमच्या गठ्ठ्यांतले गुण मी उतरवते. तुम्ही घरी जा. मानधन पूर्ण मिळेल, ते मी बघते. चार दिवस स्वतःच्या घरात निवांत पडा."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. नवऱ्याच्या माणसांत, नवऱ्याच्या घरात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि दुःख झालेल्या माणसाने घरी जावं यापलीकडे त्यांना काही सुचणं शक्य नव्हतं.

"नको बाई," माक्विंजा म्हणाला. "मला इथं राहू द्या."

"मग ही दुरुस्ती तुमच्याच हातानं करावी लागेल. माझ्या पेनानं खोडलं तर तुमच्या नावावर शेरा येतो, आणि मग पुढच्या वर्षी—"

"मी करतो."

त्याने पहिला गठ्ठा सोडला. पान काढायचं, परत जाण्याचा मुद्दा शोधायचा, त्यापुढच्या दोनवर आडवी रेघ मारायची, बाजूला आद्याक्षरं घालायची, आठाचे सहा करायचे. ज्यांचं दुसरं काही कमी होतं त्यांचे सहाचे चार. पहिल्या काही पेपरांना वेळ लागला, मग हात बसला. पोरांनी बरंच काही लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं की जाणाऱ्या माणसाला कोंबडी देतात. एका मुलीने लिहिलं होतं, 'माझे वडील गेले तेव्हा त्यांनी खुर्ची सायकलला बांधली आणि आम्ही बघत होतो.' खुर्चीला गुण नव्हते. त्याने रेघ मारली, आद्याक्षरं घातली, पान उलटलं.

हारावा स्वतःचे गठ्ठे उलट्या बाजूने दुरुस्त करत होता. शून्याच्या जागी दोन. बराच वेळ त्याने काही मोठ्याने वाचलं नाही. मग माक्विंजाच्या ढिगातले दोन गठ्ठे त्याने स्वतःकडे ओढले.

"ते माझ्या आद्याक्षरांनीच खोडायला हवेत," माक्विंजा म्हणाला.

"माहीत आहे. मी फक्त पानं काढून देतो. तुम्ही रेघ मारत जा."

ते तसं करत राहिले. अनाफीबाईंनी मधे एकदा दोघांच्या मधोमध मांडासी ठेवल्या. हारावाने खाल्ल्या. माक्विंजानेही एक उचलली, चावली, गिळली.

"गोड झालीय का?" बाईंनी विचारलं.

"असेल."

चौथ्या प्रश्नाची चारही टेबलं त्यामुळे बाकीच्यांच्या मागे पडली. पण शेवटी तीही संपली. शुक्रवारी दुपारी लुहंगाबाईंनी त्याचा शेवटचा गठ्ठा पाहून हिरवी सही केली आणि म्हणाल्या, "झालं, मास्तर. सुटलात."

"आणखी काही उरलंय का? बेरजा? पोती शिवायची असतील तर—"

"काही नाही. बेरजांची माणसं वेगळी. जा आता."

तो मुलींच्या खोलीत जाऊन पिशवी भरत होता तेव्हा फोन वाजला. बिटनमामा होते.

"जावईबापू, काम आटपलं?"

"आटपलं, मामा. उद्या निघतो."

"बरं झालं. आम्ही धान्य भिजत घातलंच आहे. दारू पुढच्या शनिवारी तयार होते. तुमच्या मामाला निरोप गेला?"

"मी कळवतो."

"तुम्हीच कळवा, ते बरं. आमच्याकडून लगोलग गेला तर घाई केल्यासारखं दिसतं." मग मामांनी विचारलं, "जेवण बरं होतं का तिथं?"

"बरं होतं."

"हं. उलुंजीला बोलायचंय."

फोन हातोहात गेला. मागे कोंबड्यांचा आवाज आला, कुणीतरी दार लोटलं.

"बाबा," उलुंजी म्हणाली, "तुमचे सगळे कपडे मी धुतलेत. पांघरुणंपण. आजी म्हणाली, इथून मळके जायला नकोत. पण झिमझिम थांबतच नाही, दोरीवर तसेच लोंबतायत. चुलीवर धरले तर धुराचा वास लागतो."

"राहू दे."

"पुढच्या शनिवारपर्यंत वाळले नाहीत तर?"

"ओलेच बांध."

उलुंजीने आवाज उतरवला. 

"वाळेपर्यंत थांबता येणार नाही का, बाबा? मामाआजोबांना विचारू मी?"

"नको विचारूस," माक्विंजा म्हणाला. "जड होतील तेवढंच. तिकडं जाऊन वाळवीन."